इस्त्रीवाल्या काकूंचा अबोला

इस्त्रीवाल्या काकू म्हणजे गल्लीतलं जहाल प्रकरण, जीभ कात्रीसारखी. शेजारच्या खोलीतल्या जाऊबाईंशी मात्र त्यांचा सासू गेल्यापासून अबोला होता. जी आधी बोलेल ती हरली, हे दोघींनाही न सांगता ठाऊक होतं. जाऊबाई टोमणे मारायच्या, पण मांजराला. काकू दातओठ खात इस्त्री रेटायच्या, तोंडातून अक्षर काढायच्या नाहीत.

एक दिवस, बोलताना जीभ कशी हलते याचा अभ्यास करणारी एक बाई मशीन घेऊन काकूंच्या खोलीवरच आली. प्रयोगशाळेत माणसं बिचकतात म्हणे. तिने काकूंच्या डोक्याला पट्टे आवळले आणि हनुवटीखाली गार जेल फासून सोनोग्राफीचं यंत्र टेकवलं. पडद्यावर जिभेची पांढरी रेघ उमटली.

"आता अगदी गप्प बसा."

नेमक्या तेव्हाच जाऊबाई मांजराला काखेत घेऊन आत आल्या. "बघ गं मने, घोडीला लगाम घातलाय."

काकूंचे ओठ घट्ट मिटलेले होते, पण पडद्यावरची रेघ थयथय नाचली.

"काकू, बोलू नका ना."

"मी कुठे बोलले?"

"आवाज नव्हता, पण जीभ चालली होती. मनातल्या मनात बोललं तरी कधी कधी दिसतं."

जाऊबाई टाळी पिटून ओरडल्या, "मने, आधी हिचीच जीभ हलली! हरली!"

काकूंनी पट्टे उपसून फेकले, हनुवटी पुसली आणि दाराला आतून कडी घातली.

"हरलेच ना? मग बस खाली. सासूबाई गेल्या त्या दिवसापासूनचं सगळं ऐकूनच जा."