धुळे काउंटरचं सेशन

आत्याचा हात थरथरतो हे घरात सगळ्यांत आधी मला कळलं, आणि तेही तिला न बघता.

मी जळगावात एका पॅथॉलॉजी लॅबच्या ऑफिसात डेटाबेस सांभाळते. डेटाबेस क्लाउडवर आहे, म्हणजे माझ्यासमोर फक्त काळी स्क्रीन आणि तिच्यात टाइप करायच्या कमांड. लोकांशी कमी बोलावं लागतं म्हणून मला हे काम आवडतं. आत्या याच लॅबच्या धुळे शाखेत काउंटरवर बसायची. पेशंटचं नाव, वय, पत्ता, कुठल्या तपासण्या, हे सगळं ती कॉम्प्युटरवरच्या फॉर्ममध्ये भरायची. इथली जागा रिकामी आहे हे मला तिनेच सांगितलं होतं. आमचं नातं मात्र मी ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं नाही, आणि आपणहून सांगायची मला सवय नाही.

आमचं सॉफ्टवेअर जुनं आहे. फॉर्म उघडला की तो सेव्ह होईपर्यंत डेटाबेसमध्ये त्याचं सेशन उघडं राहतं आणि तोवर बाकीच्यांच्या नोंदी अडकून पडतात. कुठलं सेशन किती वेळ उघडं आहे, त्याची यादी मी रोज बघते; सगळ्यांत जास्त वेळ उघडं असलेलं सगळ्यांत वर. दिवाळीनंतर धुळ्याची ओळ त्या यादीत वर सरकू लागली. आधी वाटलं, तिकडचं नेट गेलं असेल. मग वाटलं, आत्या मध्येच चहाला उठत असेल. पण ओळ वरच राहिली. लहानपणी शेजारणीशी बोलता बोलता माझ्या दोन वेण्या घालून मोकळी होणारी बाई; तिला एक नाव लिहायला इतका वेळ? हातच साथ देत नसणार.

एके दिवशी मुख्य लॅबचे रिपोर्ट खोळंबले. खाली पेशंटचे नातेवाईक भांडायला लागले. सर माझ्या टेबलापाशी आले.

"धुळ्याला कोण बसतं? झोपतात का तिथे?"

मी ती यादी मिटली.

"पाच मिनिटांची मर्यादा टाका मॅडम. त्यापुढे सेशन आपोआप बंद. सोमवारपासून."

"सर, अर्धा भरलेला फॉर्म जाईल."

"मग लवकर भरतील. बाकीच्या शाखा नाही भरत?"

भरतात. सॉफ्टवेअरच बदलता येईल का, असं मी हळूच विचारलं. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाले.

शनिवारी ऑफिस सुटल्यावर मी धुळ्याची एसटी पकडली. आत्याने दार उघडलं ते डाव्या हाताने. जेवायला बसलो तेव्हा उजवा हात तिने पदराखाली ठेवला होता. पण शेवभाजीचं पातेलं जड, तो बाहेर काढावाच लागला. रस्सा ताटाबाहेर सांडला. आत्या हसत तिच्या अहिराणीत म्हणाली,

"काय देखस? हात नाचस तं नाचू दे. तुना लगनमा कामे येई."

मला हसता आलं नाही. मग तिचंही हसू थांबलं.

मी तिला सगळं सांगितलं. यादीतली ओळ, अडकलेले रिपोर्ट, सोमवार. मराठीत असं काही समजावताना मी अडखळते, आणि एरवी ती "इंग्रजीत बोल, मी हो हो म्हणस," म्हणून चिडवते. त्या दिवशी चिडवलं नाही.

"कितला येळ देशी?"

"पाच मिनिटं."

"लाव घड्याळ."

तिने माझा लॅपटॉप ओढला आणि एक नाव टाइप करायला लागली. बोट एका अक्षरावर टेकलं की उचलेपर्यंत तेच अक्षर ओळभर धावायचं. ती पुसायची, पुन्हा लिहायची. फोनचा गजर वाजला तेव्हा ती पत्त्यावरही पोचली नव्हती. तिने लॅपटॉप मिटला.

आतोबा गेल्यानंतर ती कितीतरी महिने घराबाहेर पडली नव्हती. काउंटरवर बसायला लागली तेव्हा कुठे साडीला इस्त्री करू लागली. खुर्ची गेली तर ती पुन्हा घरात बसेल, हे आम्हां दोघींना माहीत होतं.

"मी सरांशी बोलू?"

"काय सांगशी? मनी आत्या शे, तिले जास्त येळ द्या?" तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "तिकडे रिपोर्टसाठी आजारी लोक खोळंबतस ना?"

"हो."

"मग करी टाक."

रविवारी लॅब बंद असते. आमच्याकडे एक सेटिंग बदलायचं तर आधीची सगळी सेटिंग कमांडमध्ये पुन्हा लिहावी लागतात. जे लिहायचं राहिलं ते पुसलं जातं. मी एकेक करून सगळी लिहिली, शेवटी पाच मिनिटांची मर्यादा. स्क्रीनवर प्रश्न आला, नक्की बदलायचं का? मी हो म्हटलं.

सोमवारी धुळ्याहून आत्याचं सेशन उघडलंच नाही. तिने सुट्टी टाकली होती. दुपारी फोन आला.

"डॉक्टरची वेळ घे. जळगावलेच घे. अठे बठ्ठा वळखतस." धुळ्यात तिला सगळेच ओळखायचे.

डॉक्टरांनी तिच्यासमोर कोरा कागद ठेवला आणि जिलेबीसारखं आतून बाहेर गोल गोल काढायला सांगितलं. आत्याने पेन धरलं. कागद थरथरत सरकायला लागला, म्हणून मी त्याचा कोपरा दाबून धरला.

"तुम्ही धरू नका," डॉक्टर म्हणाले.

मी हात काढून घेतला.