साहेबाच्या पिंपाला ओलीत

उत्तमराव सोडावाले तापट नव्हते, उतावळे होते. आणि मला विचाराल तर उतावळा माणूस जास्त ताप देतो. घराणं अमरावतीच्या माळ्यांचं, पिढ्यानपिढ्या वांगी-कोथिंबीर विकणारं. या गृहस्थांनी मुंबईहून सोड्याचं मशीन आणलं. वडील नत्थुजींनी त्या दिवसापासून दुकानात पाय ठेवला नाही. "लोकं भाजी इकतात, आमचा दिवटा हवा इकते," असं ते भर बाजारात सांगत. त्यात दुकानही रडतखडत चालायचं. शेवटी बापाने परस्पर गिऱ्हाईक ठरवलं. सोमवारी अकोल्याचे किसनराव मशीन घेऊन जाणार आणि मंगळवारपासून उत्तमराव मळ्यात.

नेमकं त्याच आठवड्यात चिखलदऱ्याहून बोलावणं आलं. वऱ्हाड तेव्हा इंग्रजांच्या मध्यप्रांतात होतं आणि उन्हाळ्यात सगळे गोरे साहेब चिखलदऱ्याला थंड हवेसाठी चढत. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने बंगल्यावर घरीच बिअर केली होती. चव आली, पण फेस येईना, आणि रविवारी पाहुणे. तिच्यात गॅस भरून दिला तर साऱ्या बंगल्यांचा सोडा उन्हाळाभर उत्तमरावांकडून.

"मास्तर, हे जमलं त मशीन वाचलं," उत्तमराव मला म्हणाले. मी शाळामास्तर, सुट्टीवर. साहेबाशी बोलायला मी हवा होतो. गॅसची टाकी उचलायला नत्थुजी आले. खरं तर ते पोराची फजिती बघायला आले होते, आणि मोटारीत त्यांनी तसं चारचौघांत सांगितलंही.

बुधवारी पोचलो. बिअरचं पिंप लाकडी होतं, अंगणात उन्हाने सुकून त्याचे सांधे उलले होते. पिंप गळतं हे निरोपातच कळलं होतं, म्हणून उत्तमरावांनी मळ्यातली काळी माती पोत्यात भरून आणली होती. ती ओली करून फटींवर थापली, जरा सुकू दिली आणि टाकीची चावी उघडली. सोड्याची बाटली एका दमात भरते, म्हणून यांनी पिंपालाही एकच दम दिला. मातीचे पोपडे सुटले. एक साहेबाच्या पांढऱ्या सदऱ्यावर बसला, दुसरा मिशीवर. साहेब जे बोलला त्याचं भाषांतर मी केलं नाही, आणि कोणी मागितलंही नाही.

उत्तमराव मटकन खाली बसले. "गेलं मशीन," एवढंच म्हणाले आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसले. मला फार वाईट वाटलं. मघापर्यंत मीही हसत होतो, त्याची लाज वाटली.

नत्थुजी पिंपापाशी आले. मग धोतर खोचलं आणि माती खरवडायला लागले.

"उन्हात काळी माती उलते, हे माळ्याच्या पोराले सांगा लागते काय? आन् मोटचं पानी एकदम वाफ्यात सोडलं त वाफा फुटतेच ना! थोडं सोड. मुरू दे. मंग पुन्हा सोड."

त्यांनी पिंप पडवीत सावलीला आणवलं, त्याला गोणपाट गुंडाळलं आणि तासातासाला लोटाभर पाणी सोडायला सुरुवात केली. लाकूड फुगलं, सांधे मिटले, पिंप गार पडलं. टाकीची चावीही त्यांनीच हातात घेतली. सकाळी जरा गॅस, दुपारी जरा. दारूच्या दुकानासमोरून जाताना नाकाला धोतर लावणारा हा माणूस चार दिवस बिअरच्या पिंपाला कान लावून बसला.

"ग्यास पेऊन राहिलं," मधूनच खुशीत सांगायचे.

रविवारी साहेबाने तोटी फिरवली. ग्लासात चार बोटं फेस चढला. साहेब लहान मुलासारखा हसला, उन्हाळाभराच्या सोड्याचं काम उत्तमरावांना दिलं आणि नत्थुजींचा हात हातात घेऊन हलवायला लागला.

नत्थुजी अवघडले. "त्याले सांगा मास्तर, काम माह्या पोराचं हाय. मी निसतं पानी देल्लं."

हे मात्र मी शब्दन्‌शब्द इंग्रजीत सांगितलं. उत्तमराव पिंपाकडे तोंड करून उभे होते, वळायला तयार नव्हते.

सोमवारी भर दुपारी किसनराव दोन हमाल घेऊन दुकानापाशी आले. आत नत्थुजी पाटावर बसले होते.

"मशीन इकाचं नाही," ते म्हणाले.

"तुमी शब्द देल्ला होता, नत्थुजी!"

"देल्ला होता. तवा मले हे काम समजत नव्हतं. उन्हाचे आले, बसा. उत्तम, तिघायले सोडा दे."

उत्तमराव बाटल्या घेऊन आले. पहिल्या बाटलीची गोटी आत दाबायला म्हातारा स्वतः उठला.