एक सूत जागा

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात धोंडिराम बनसोडे यांच्या स्वयंपाकघरात दोन ओटे आहेत. एक घराबरोबर आलेला, कडप्प्याचा, उभ्या माणसासाठीचा. दुसरा त्यांनी स्वतः केला. सागवानी, जमिनीपासून सातशे चाळीस मिलिमीटर उंच, आणि खाली चाकांची खुर्ची आत सरकेल एवढी मोकळी जागा. या दुसऱ्या ओट्यावर सध्या रद्दी ठेवलेली असते.

धोंडिराम मूळचे जालन्याकडचे. चौतीस वर्षं त्यांनी एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर म्हणून काढली. तिथे मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजायचा आणि चुकलेला तुकडा भंगारात टाकायचा, एवढंच काम. निवृत्तीनंतर त्यांनी लाकूडकाम सुरू केलं ते वेळ जात नव्हता म्हणून. पहिली चौकट केली बाबासाहेबांच्या तसबिरीसाठी. मग स्टुलं, मसाल्याची मांडणी, शेजाऱ्यांच्या चपलांसाठी कपाट. गॅलरीत एक बाक ठोकला आणि तीच त्यांची टूलरूम झाली.

शिकवायला होते खालच्या मजल्यावरचे शिवदास परब. मालवणकडचे, हाडाचे सुतार, आता डोळ्यांनी अधू. ते गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि धोंडिरामांच्या कॅलिपरची थट्टा करायचे.

"अरे, तू स्टूल करतोस की घड्याळ?"

दोन वर्षांपूर्वी धोंडिरामांच्या पत्नीची, लताबाईंची, उजवी बाजू लकव्याने गेली. त्या बोलू लागल्या, खुर्चीत बसू लागल्या, पण चहासाठी त्यांना सकाळी चंपाची, नाहीतर नवऱ्याची वाट पाहावी लागायची. चंपा घरकामाला येते, साडेआठला. लताबाईंना पाचला जाग येते. धोंडिराम चहा करून द्यायचे; तो त्या अर्धा ठेवायच्या.

"वाईट झालाय का?" त्यांनी एकदा विचारलं.

"चांगलाय. पण मागून घेतलेला आहे."

त्या आठवड्यात धोंडिरामांनी ओट्याचं काम काढलं. पाडलेल्या एका इमारतीचे जुने दरवाजे आणले. लताबाईंना खुर्चीत बसवून डावा हात कुठवर सहज जातो ते मोजलं. शेगडी लाकडात खोल बसवली, भोवती पत्रा मारला. डाव्या हाताला एकाखाली एक तीन खण. सगळ्यात वरच्या खणात चहा, साखर, आलं.

खण बसवायच्या दिवशी शिवदास म्हणाले, "दोन्ही बाजूंना एक सूत जागा सोड."

"सूत म्हणजे तीन मिलिमीटरच्या वर. आमच्याकडे तेवढ्यात नोकरी जाते."

"मेल्या, लाकूड आसा ता, लोखंड न्हय. पाणी पिता ता."

"खडखडणारा खण मी बायकोला देणार नाही."

जानेवारीत ओटा तयार झाला. खण इतके नेमके बसले होते की वरचा लोटला की आतल्या हवेने खालचा आपोआप बोटभर बाहेर यायचा. इमारतीतले लोक ते पाहायला आले. लताबाईही तो खेळ करून दाखवायच्या. पहाटे पाचला उठून त्या स्वतः चहा करायच्या, दोन कप, आणि नवऱ्याला हाक मारायच्या, "अहो, निवतोय." जूनअखेरपर्यंत हे असं चाललं.

जुलैत त्यांनी चहा करणं सोडलं. विचारलं तर म्हणाल्या, "कंटाळा आला." धोंडिरामांना ते लागलं. पाच महिने खपून केलेल्या कामाचा हिला कंटाळा आला, असा त्यांनी अर्थ घेतला आणि पुन्हा विषय काढला नाही. सकाळचा चहा ते पुन्हा करू लागले. वरचा खण ओढताना जरा जोर लावावा लागायचा, पण चौतीस वर्षं लोखंडी पाने फिरवलेल्या मनगटाला तो जोर म्हणजे काहीच नव्हता.

सप्टेंबरमध्ये शिवदास वर आले. चहात साखर कमी वाटली म्हणून त्यांनीच हात लांब करून खण ओढला. तो हलला नाही. पुन्हा ओढला, मग कडेवरून अंगठा फिरवला.

"फुगलाय. मी तुला काय सांगितलं होतं?"

"उघडतो की," धोंडिराम म्हणाले. "थोडा घट्ट आहे."

"थोडा? कुणी उघडायचा हा, पैलवानाने?"

खुर्चीत बसलेल्या लताबाई म्हणाल्या, "म्हणजे खणच घट्ट आहे?"

दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मला वाटलं, हा हातपण चालला," त्या म्हणाल्या.

"मग सांगायचं नाही का गं?"

"काय सांगायचं? तुम्ही तर एका हाताने उघडत होता."

अडीच महिने त्यांनी डावा हात मांडीवरून फारसा उचललाच नव्हता. उरलाय तेवढा जपून वापरावा, असं त्यांना वाटलं होतं. लकव्यानंतर व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई तेव्हा रजेवर होत्या, त्यामुळे कुणी विचारणारंही नव्हतं.

धोंडिरामांनी त्याच दुपारी तिन्ही खण काढले आणि दोन्ही बाजूंनी रंधा मारला. एक एक सूत. संध्याकाळी खण बोटाने ओढला तरी येत होता, आणि खडखडत होता. त्यांनी लताबाईंची खुर्ची ओट्याखाली सरकवली.

"बघ आता."

लताबाईंनी हात उचलला. तो खांद्यातून मध्येच थांबला. त्यांनी ओठ दाबून पुन्हा प्रयत्न केला. लताबाईंसारख्या साखरेचा आजार असलेल्यांचा न वापरलेला खांदा असा धरतो, हे व्यायामाच्या बाईंनी नंतर सांगितलं. सुटेल का, यावर त्या म्हणाल्या, बघू.

"राहू दे," लताबाई म्हणाल्या.

"एकदा अजून. जातोय तिथवर ने."

त्यांनी नेला. बोटं जिथे थांबली तिथे धोंडिरामांनी शेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने खूण केली आणि टेप लावला. खूण ओट्याच्या कडेखाली एकशे दहा मिलिमीटरवर होती. ओटा तेवढा खाली घेतला, तर खुर्ची आत जात नाही. गुडघे अडतात. त्यांनी ते दोनदा मोजलं.

पुढच्या आठवड्यात व्यायाम पुन्हा सुरू झाला. खूण भिंतीवर आहे. तिच्या वर दुसरी खूण अजून झालेली नाही.