परबांचा ट्रान्सपोर्ट

आमच्या सासऱ्यांना कुठलीही गोष्ट हळू आवाजात सांगता येत नाही. उमेदीची सगळी वर्षं ज्या माणसाने कुजबुजण्यात घालवली, त्याने आता त्याचं उट्टं काढावं हे एका परीने बरोबरच आहे. त्या दिवशी ते गॅलरीत दाढी करता करता हितेंद्रला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगत होते की आता काही झालं तरी मला ट्रान्सपोर्ट घ्यायचाच आहे.

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीला एवढं पुरतं. संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर तळमजल्यावरचे गणपतकाका जिन्यात माझी वाट बघत उभे. त्यांच्या मेव्हण्याचा टेम्पो विकायचा होता, इंजिन एकदम टकाटक, फक्त क्लच बघून घ्यावा लागेल. पहिल्या मजल्यावर दोघीजणींनी मला बाजूला घेऊन विचारलं की खोली कितीला गेली आणि आम्ही बदलापूरला जाणार की विरारला. एकीने तर आमच्या लोखंडी कपाटावर हक्कही सांगून ठेवला. आमच्याकडे ट्रान्सपोर्ट या शब्दाचे दोनच अर्थ होतात. एक तर कोणीतरी धंदा सुरू करतंय, नाहीतर कोणीतरी सामान भरून निघालंय. मी गणपतकाकांना शांतपणे समजावलं की हे सीडी वाजवायचं मशीन आहे. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग मेव्हण्याला टेम्पोचं काय कळवू, असं विचारलं.

आता हा सीडीचा सोस बाबांना कुठून लागला, ते सांगायला हवं.

बाबा, म्हणजे माझे सासरे जयवंत परब, तरुणपणी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी एका इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये नोकरी केली आणि तिथूनच रिटायर झाले. पण तुम्ही काय करायचात, असं कोणी विचारलं तर ते यातलं काहीच सांगत नाहीत. ते सांगतात, मी प्रॉम्प्टर होतो. गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळात कामगारांच्या नाट्यस्पर्धा व्हायच्या. त्यांच्या मंडळाचं नाटक असलं की बाबा विंगेत स्टुलावर बसायचे, मांडीवर नाटकाचं पुस्तक, हातात छोटी बॅटरी. नट अडखळला की पुढचा शब्द त्याला मिळालाच पाहिजे आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला तो ऐकू येता कामा नये. नाटक चालू असताना पुस्तकावरची नजर मी एकदाही काढली नाही, हे वाक्य मी या घरात आल्यापासून इतक्यांदा ऐकलंय की मला वाटतं ते आमच्या लग्नपत्रिकेतही छापलेलं असावं.

याच मंडळात शेवंती, म्हणजे आमच्या आई, माझ्या सासूबाई, काम करायच्या. आणि याच मंडळाच्या एका नाटकावरून आमच्या घरात चाळीस-बेचाळीस वर्षं भांडण चालू आहे.

नाटक गिरणी कामगाराच्या घरातलं होतं. तिसऱ्या अंकात धाकटा भाऊ भांडून घर सोडून निघतो आणि थोरली बहीण म्हणते, “जा, परत येऊ नकोस.” बहीण झाल्या होत्या आमच्या आई. अंतिम फेरीच्या दिवशी त्या “जा” म्हणाल्या आणि पुढचं सगळं विसरल्या. थिएटर गप्प झालं. मग त्या म्हणाल्या, “पण जेवून जा.” म्हणे अख्खं थिएटर रडलं, मग टाळ्या थांबेनात, आणि आईंना रौप्यपदक मिळालं. ते पदक अजून देवाशेजारी आहे.

भांडण एवढंच, की “जेवून जा” हे कोणाचं? आई म्हणतात, माझ्या मनातून आलं. बाबा म्हणतात, मी विंगेतून दिलं. हे भांडण पाहुण्यांसमोर होतं, लग्नघरात होतं, एकदा तर डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये झालं. दोघंही हसत हसत सुरू करतात आणि शेवटी दोघांपैकी एकाचं तोंड थोडं उतरतं.

पुरावा घरातच होता. मंडळात पेटी वाजवणाऱ्या दीपक सावंतांनी त्या दिवशी टेपरेकॉर्डर विंगेत, बाबांच्या स्टुलाखालीच ठेवला होता. मंडळाला पन्नास वर्षं झाली तेव्हा त्या कॅसेटची सीडी करून सगळ्यांना वाटली गेली. आमचं जुनं थ्री-इन-वन तोवर बिघडलं होतं, म्हणून सीडी कपाटातच राहिली. मध्यंतरी दीपककाकांनी मोबाइलवर तेच नाटक पाठवलं, पण त्यांनी ते कुठल्याशा अ‍ॅपमधून साफ करून घेतलं होतं. खरखर गेली, खोकले गेले, आणि विंगेतली कुजबुजही कचरा समजून गेली. आईंच्या “जा” आणि “पण”च्या मध्ये आता फक्त शांतता होती. आई म्हणाल्या, बघा. बाबांनी दोन दिवस दीपककाकांचा फोन उचलला नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण या वर्षी आईंचा डावा कान जवळजवळ गेला. उजव्याचंही डॉक्टर फार काही चांगलं बोलले नाहीत. त्या दिवशी इस्पितळातून परत येताना परळच्या नाक्यावर बाबा मला म्हणाले, “मेघना, तिने ऐकलं पाहिजे गो. मागाहून मी जिंकून काय करू?” भांडण जिंकायला दुसरा माणूस लागतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. तेव्हापासून मीही या कामाला लागले.

माझ्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही. हितेंद्रने गेल्या दिवाळीला अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन चांगले स्पीकर घेतले होते. त्याचा एक मित्र म्हणाला की सीडीवरच्या आकड्यांचा आवाज करायची सोय अ‍ॅम्प्लिफायरमध्येच आहे, त्यामुळे अख्खा सीडी प्लेअर नको, नुसता ट्रान्सपोर्ट पुरे. दाढीच्या वेळी गॅलरीत गाजलेला शब्द तो हा.

आधी आम्ही एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. तिथे चपला बाहेर काढायला लावतात, त्यामुळे आईंना वाटलं, निदान प्रसाद तरी देतील. सेल्समनने एक चपटी, चंदेरी पेटी दाखवली. बाबांनी विचारलं, याचा आवाज कसा आहे?

“सर, याला स्वतःचा आवाज नाही,” तो म्हणाला. “हा फक्त वाचतो आणि पुढे देतो. बोलायचं काम दुसऱ्याचं.”

बाबांनी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “म्हणजे प्रॉम्प्टर.”

त्यांचा चेहरा असा उजळला होता की किंमत विचारायचं माझ्या जिवावर आलं. विचारली. मग आम्ही चौघांनीही पाणी मागितलं आणि चपला घालून बाहेर पडलो.

पुढच्या शनिवारी लॅमिंग्टन रोड, इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. एका दुकानात जुन्या डीव्हीडी प्लेअरची चळत होती. दुकानदाराने सांगितलं की ज्याच्या पाठीला डिजिटलचं नारिंगी भोक आहे तो कुठलाही घ्या, एका वायरीने अ‍ॅम्प्लिफायरला जोडा, तुमचा ट्रान्सपोर्ट झाला. आता बाबांना निवड कशी करायची ते कोणी शिकवायला नको होतं. त्यांनी एकेका पेटीत दुकानदाराची ओरखडे पडलेली सीडी घातली आणि झाकणावर कान ठेवला. एक घरघरत होता, त्याला म्हणाले, हा विंगेत घोरणार. एक ओरखड्यावर अडकला. प्रॉम्प्टरच अडखळला तर नटाने कोणाकडे बघायचं? एकाचा निळा दिवा फार लखलखीत होता, विंगेतून उजेड बाहेर जातो म्हणून तोही नापास. हितेंद्र मला हळूच म्हणाला की दिव्याचा आणि आवाजाचा काही संबंध नाही. मी त्याला गप्प केलं. शेवटी एक काळा, वजनदार, जरा पोचे पडलेला प्लेअर निघाला. तो सगळ्या ओरखड्यांवरून तोंडातून चकार शब्द न काढता गेला. बाबा म्हणाले, हाच.

चाळीत शिरताना गणपतकाकांनी खोक्याकडे बघितलं. ट्रान्सपोर्ट केवढासा निघाला, म्हणाले.

रविवारी दुपारी जेवायच्या आधी बैठक बसली. आई खुर्ची ओढून उजवा कान स्पीकरकडे करून बसल्या. बाबा स्टूल घेऊन दाराच्या आडोशाला बसले, सवयीने. तिसरा अंक आला. इतक्या वर्षांपूर्वीच्या खोकल्यांसकट सगळं थिएटर आमच्या खोलीत आलं. भाऊ भांडला, दार वाजलं. “जा,” तरुण आई म्हणाल्या. आणि थांबल्या.

त्या शांततेत कुजबूज आली. स्पष्ट. आवाज बाबांचाच होता.

“दीपक, जेवान जा रे. रात्रपाळी आसा मा तुझी?”

आणि लगेच पुढे, मोठ्याने, थिएटरभर, आईंचा आवाज आला, “पण जेवून जा.”

हितेंद्रने थांबवलं. पेटी वाजवायचं काम संपल्यावर पाळीला निघालेल्या मित्राला बाबा खाऊन जा म्हणत होते, त्यांच्या गावच्या बोलीत. नाटकाच्या पुस्तकात मालवणी एक अक्षर नव्हतं. आईंनी वाट बघितली ती पुस्तकातल्या शब्दाची, कानावर पडलं ते दीपककाकांचं जेवण, आणि त्यांनी तेच उचललं. ज्या दीपककाकांनी नाटक साफ केलं, त्यांनी त्यातून स्वतःलाच पुसून टाकलं होतं.

बाबांनी चष्मा काढला. “मी पुस्तक सोडलं होतं गो,” ते म्हणाले. खरंच हळू आवाजात. “तू थांबलीस आणि माझं लक्ष दीपककडे होतं.”

मला फार वाईट वाटलं. माणसाने आयुष्यभर एकच गोष्ट अभिमानाने सांगावी आणि ती खोटी निघावी, तीही स्वतः लॅमिंग्टन रोडवरून उचलून आणलेल्या पेटीतून.

आईंनी खूण करून पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. मग त्या बाबांकडे वळल्या.

“पुस्तकात बघितलं असतं तर तुम्ही ‘परत येऊ नकोस’ दिलं असतं,” त्या म्हणाल्या. “मी ते म्हटलं असतं आणि गुपचूप घरी आले असते. सोडलं ते बरं केलंत. ‘जेवान’ तुमचं. ‘पण’ माझा.”

बाबांनी डोळे पुसले. म्हणाले की तो ‘पण’ फार चांगला होता. इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदाच कबूल केलं. आईंचे कान लाल झाले, दोन्ही.

काळी पेटी आता टीव्हीशेजारी असते. पाहुणे आले की गोष्ट अजूनही होते, आवाजही तसाच चढतो, गणपतकाकांना तळमजल्यावर ऐकू येतो. बाबा रंगात येऊन सगळं सांगतात, थिएटर, टेपरेकॉर्डर, दीपककाकांची रात्रपाळी. “जा” म्हणतात. आणि तिथे थांबून, पुढचं सगळं पाठ असताना, आईंकडे बघत बसतात, त्या ऐकून पुढचा शब्द देईपर्यंत.