झोतातली काळी कोर

आधीच सांगतो — भूत, भानामती, चकवा यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नाही. असले अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचत आलो, आणि दोन-चार जणांना खाली कमेंटमध्ये चांगलं सोलूनही काढलंय. तेव्हा आता माझी पाळी. सोला. फक्त "झोप अपुरी झाली असेल" हे कुणी लिहू नका, कारण त्याने माझं डोकं फिरतं.

मी मूळचा अकोल्याकडचा. हिंजवडीत एका कंपनीत कस्टमर सपोर्टला आहे आणि नेऱ्यात फ्लॅट घेऊन राहतो. बायको वैशाली जवळच्याच रिहे गावची. तिचे आईवडील ती लहान असतानाच गेले, मामा-मामींनी तिला वाढवलं. म्हणजे तिचं माहेर ते एकच. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

मला नाद एकच — टॉर्चचा. बाजारातली साधी बॅटरी आणायची, खोलायची, आतला मिणमिणता एलईडी काढून भारी बसवायचा, ड्रायव्हर म्हणजे करंट सांभाळणारी छोटी सर्किटची चकती बदलायची, नळी कापून आखूड करायची आणि लांब सेलच्या जागी बुटका लिथियमचा सेल घालायचा. खिशात किल्ल्यांबरोबर मावेल एवढी वस्तू, पण पेटवली की समोरच्याने तोंड फिरवलं पाहिजे. वैशाली म्हणते, एवढा जीव संसारात घातला असता तर... जाऊ द्या.

यंदा पावसाळा सरता सरता मी अशीच एक बनवली. अंगठ्यापेक्षा जरा मोठी असेल. सगळं झक्क जमलं आणि शेवटी चिमटा निसटला. रिफ्लेक्टरच्या, म्हणजे एलईडीभोवतीच्या आरशासारख्या वाटीच्या, काठाचं पॉलिश नखाएवढं उडालं. त्यामुळे भिंतीवर उजेडाचा गोल पडला की त्याच्या एका कडेला काळी कोर दिसायची, नख कापून टाकावं तशी. माझं डोकंच उठलं. पण शनिवारी रिह्याला जायचं होतं, म्हणून तशीच खिशात टाकली.

मामांचं घर शेताला लागून आहे. समोर भातखाचरं, त्यापलीकडे डोंगर. फार्महाउसवाले रिह्यात पुष्कळ आलेत, पण त्या डोंगराच्या कुशीत अजून कुणी पोचलेलं नाही. दिवेलागणीला आम्ही पडवीत बसलो होतो. वैशाली आणि मामी आत होत्या. मी खिशातून टॉर्च काढली आणि डोंगराच्या दिशेने मारली.

मामा म्हणाले, "पाव्हणं, तितं कुनी ऱ्हात न्हाई. कुनाला दाखवताय?"

मी हसलो. आणि समोरून उत्तर आलं.

उजेडाला उजेड, तसं. आधी वाटलं, एखादी काच चमकली असेल. पण तो झोत खाचरांवरून सरकत सरळ आमच्या भिंतीवर आला. माझी टॉर्च फार तर दुसऱ्या बांधापर्यंत पोचते, आणि हा अख्खं शेत ओलांडून आलेला! भिंतीवर पांढरा गोल पडला, आणि त्याच्या कडेला काळी कोर. तीच. पॉलिश उडालेली.

मी माझी टॉर्च बंद केली. भिंतीवरचा गोल तसाच राहिला.

मग तो हलला. हळूहळू खाली उतरून मामांच्या तोंडावर आला आणि तिथेच थांबला. कुणीतरी डोळ्यात मिरची फेकावी तसे मामा ओरडले, डोळ्यांवर हात धरून म्हणाले, "बंद करा की ओ! काय चेष्टा लावलीया!" त्यांनी हात काढला तेव्हा झोत गेला होता आणि माझ्या हातात टॉर्च होती. तो झोत माझा नव्हता, हे मी सांगून पाहिलं. ते उठून आत गेले.

मला त्या वेळी भीती नाही वाटली, खोटं कशाला बोलू. राग आला. कुणीतरी माझीच वस्तू वापरून माझ्याशी उद्दामपणा करतंय, असा राग. सकाळी एकटाच त्या डोंगरावर चढलो. कारवी, गवत आणि गुरांच्या वाटा. काच नाही, तार नाही, माणसाचा मागमूस नाही. परत आलो तर मामींनी चहा विचारला, पण कप पुढ्यात जरा जोरातच ठेवला.

त्याच आठवड्यात, एका संध्याकाळी, मी ऑफिसातून आल्यावर डायनिंग टेबलवर ती टॉर्च खोलून बसलो होतो. नवा रिफ्लेक्टर बसवायचा होता. नळी एकीकडे, सेल एकीकडे, एलईडीची वायर सोडवलेली. म्हणजे ती पेटणं शक्यच नव्हतं. समोर वैशाली मेथी निवडत होती. तेवढ्यात फोन वाजला. मामा नुकतेच मोटरसायकलवरून पडले होते, रिह्याच्या अलीकडच्या वळणावर. मांडीचं हाड मोडलं होतं, आणि शेतात भात कापणीला आलेलं.

आम्ही धावत हॉस्पिटलला गेलो. मामा शुद्धीवर होते. मला बघताच त्यांनी मान वळवली आणि मग भिंतीकडे बघतच म्हणाले, "पाव्हणं, म्या तुमचं काय वाईट केलंवतं? माझ्या तोंडावर बॅटरी का मारली?"

"मामा, मी घरी होतो."

"तोंड दिसलं न्हाई तुमचं. पन कडंच्या दरडीवर उजेड पडला, त्यात ती काळी कोर व्हती. तुमचीच हाय ती. आंधळा न्हाई झालो म्या अजून."

वैशाली रडत म्हणाली, "मामा, हे माझ्यासमोर बसले होते. तासभर!"

मामी पटकन बोलल्या, "नवऱ्याला झाकतीया. पोरगी आमची, पन आता त्याची झाली." आणि मला म्हणाल्या, "लांबचा मानूस केला तवाच मी म्हनलं व्हतं."

त्यानंतर रिह्याचं दार बंद झालं. वैशालीचा फोन मामी उचलायच्या नाहीत. एकदा ती डबा घेऊन गेली तर डबा तसाच परत आला. भात गावातल्या लोकांनी कापलं. माझी बायको घरात अशी वावरायची की जणू दुसऱ्यांदा पोरकी झाली. मला ते बघवत नव्हतं, आणि माझा काही दोष नसताना बघावं लागतंय याची चीडही येत होती.

शेवटी मामींचाच निरोप आला. गावच्या भैरोबापुढे बेलभंडारा उचला, म्हणजे हातात बेल आणि भंडारा घेऊन शपथेवर सांगा की मी तिथे नव्हतो. आम्ही मानू. विषय संपला.

आणि इथे मी शहाणपणा केला. म्हटलं, पान आणि हळद हातात घेऊन खरं-खोटं ठरतं होय? मी असल्या गोष्टी मानत नाही. वैशाली म्हणाली, "तुम्ही मानू नका. ते मानतात ना?" मी ऐकलं नाही. त्यापेक्षा मला ऑफिसातली रीत सोपी वाटली. आमच्याकडे चूक कस्टमरची असली तरी आपण सॉरी लिहायचं, दिलगिरी व्यक्त करायची आणि तिकीट, म्हणजे ती तक्रार, क्लोज करायची. कोण खरं याला शून्य किंमत, समोरचा शांत झाला की झालं. वर्षानुवर्षं हेच करतोय. जीभ सवयीने वळते.

रविवारी वैशालीला घेऊन रिह्याला गेलो. मामा पडवीत खाटेवर होते, काठी टेकून ठेवलेली. मी उंबऱ्यातच म्हटलं, "मामा, चुकलं माझं. मीच होतो. मस्करी करायला गेलो आणि अंगाशी आलं. माफ करा."

मामांनी काठी बाजूला सारली. मग म्हणाले, "मला वाटलंवतं तुमी न्हाई म्हनाल. मनात लई व्हतं की तुमी न्हाई म्हनावं." डोळे पुसून त्यांनी मामींना हाक मारली, "चा ठेव गं. मिटलं."

खरंच मिटलं. मामींनी वैशालीला जवळ घेतलं, जेवूनच जा म्हणाल्या, निघताना नवे तांदूळ बांधून दिले. मला वाटलं, बघा, जमलं की नाही!

गाडीत वैशाली खिडकीतून बाहेरच बघत होती. रडून दमली असेल, असं मी समजलो. घरी आल्यावर चपला काढता काढता तिने विचारलं, "कधी गेला होतात?"

"कुठे?"

"त्या वळणावर."

मी हसलोच. "अगं, वेडी का तू? तुझ्यासमोर तर बसलो होतो. मिटवायचं म्हणून बोललो ते."

ती तांदळाची पिशवी तशीच हातात धरून उभी राहिली. "मी मेथी निवडत होते. मान खाली होती माझी. फोन वाजला तेव्हा वर बघितलं, तेव्हा तुम्ही होता. त्याआधी होता का... मला आता सांगता येत नाही."

मी परत चपला पायात घातल्या. म्हटलं, "चल, आत्ताच्या आत्ता मागे फिरू. मी बेलभंडारा उचलतो."

"आणि देवापुढे काय म्हणणार? मघाशी खोटं बोललो, आता खरं बोलतोय?"

मी चपला काढून ठेवल्या. तो झोत कुणाचा, माझ्या टॉर्चचा डाग त्याच्यात कसा आला, आणि त्याचं मामांशी काय वैर होतं, यातलं काहीच मला सांगता येत नाही. तुमच्याकडे लॉजिक असेल तर जरूर लिहा, मी वाचेन, आणि या वेळी कुणाला सोलणार नाही.

हल्ली संध्याकाळी मी घरात असलो की वैशाली स्वयंपाकघरातून हाक मारते, "अहो, आहात ना?" मी "हो" म्हणतो. तरी ती हातातलं काम टाकून दारात येते आणि बघून जाते.