फ्रान्सऐवजी महिदपूर

माझं शिक्षण तिसरी, तेही पुरतं नाही. पण माळव्यात मोटार कुठून निघते आणि कुठे रुतते हे मला विचारल्याशिवाय त्या काळी उज्जैनमध्ये कुणी शहाणा माणूस गाडी कच्च्या रस्त्याला घालत नसे. फुशारकी म्हणून नाही लिहीत, खरं आहे म्हणून लिहितो. आमचे आजोबा दरबारच्या पागेत होते, वडीलही पागेत. घोडे गेले, मोटारी आल्या, आणि मी चाकामागे बसलो. घराण्याचं काम तेच राहिलं, जनावर बदललं.

माधव नगरात एक डॉक्टरसाहेब राहत, आपलेच मराठी. त्यांची मोटार मी वीस वर्षं चालवली. पहिल्या महायुद्धात ते फौजेचे डॉक्टर म्हणून फ्रान्सला होते. लढाई थांबली आणि परतीचं जहाज लवकर मिळेना, तेव्हा ते आणि त्यांचा एक दोस्त एका खटारा मोटारीतून महिनाभर तिथल्या खेड्यांत हिंडले. त्या हिंडण्याच्या गोष्टी बाईसाहेबांना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, इतक्या पाठ होत्या की साहेब अडखळले की पुढचं वाक्य त्याच पुरं करत. आपणही एकदा जाऊ, हे लग्न झाल्यापासून चाललं होतं. मग दवाखाना आला, मुलगी झाली, दुसरी लढाई आली, स्वराज्य आलं. फ्रान्स राहिलं ते राहिलंच.

मग मध्य भारत हे आमचं राज्य मोडणार आणि राजधानी भोपाळला जाणार, अशी बातमी पक्की झाली तो हिवाळा आला. साहेबांचे जावई सरकारी रस्तेखात्यात इंजिनीयर. त्यांचं दफ्तर भोपाळला हलणार होतं, आणि मुलगी म्हणाली, आईबाबांना मागे ठेवणार नाही. बंगला सोडायचा, मोटार विकायची, सगळं ठरलं. तेव्हा एक दिवस जेवताना बाईसाहेब म्हणाल्या, "फ्रान्स जाऊ दे. पण चाळीस वर्षं उज्जैनमध्ये राहून मी रामघाटापलीकडे काय पाहिलं? मला इथली खेडी दाखवा. तशीच, सावकाश. मग न्या हवं तिथे."

साहेबांनी सहलीचा बेत करायला दोघांना सांगितलं, जावईबापूंना आणि मला. हे मला झोंबलं. त्यात जावईबापू हसून म्हणाले, "माझा बेत पास झाला तर गाडी मीच चालवीन. उस्ताद, तुम्ही घरी आराम करा." वीस वर्षं जिचा एकेक नट मी हाताने पिळला, तिची शेवटची सफर, आणि मी घरी खाटेवर! मी टोपी नीट केली.

जावईबापूंकडे सरकारी नकाशे होते. मला नकाशा वाचता येत नव्हता, आजही येत नाही, आणि त्यावाचून माझं कधी अडलं नाही. मी सायकल घेतली आणि भैरवगढला गेलो. तिथे कापडावर ठप्पे मारणारे छिपा लोक आहेत. छापलेल्या चादरी, लुगडी बैलगाडीत घालून ते गावोगावच्या बाजाराला जातात. कुठला नाला माघात कोरडा, कुठल्या विहिरीचं पाणी गोड, हे त्यांच्यापेक्षा कोण सांगणार? त्यांतले एक म्हातारे चाचा माझ्या ओळखीचे होते.

"मोटर से?" ते म्हणाले. "उस्ताद, काली मिट्टी में पहिये रोएँगे."

"रोने दो चाचा. रास्ता बताओ."

ते सांगू लागले, मी बोटांवर मोजू लागलो. तिसऱ्या गावाला बोटं आणि गावं यांचा मेळ सुटला. चाचा हसले, "लिख क्यों नहीं लेते?" मी म्हटलं, लिहीन तर तुमच्या नातवाच्या लग्नापर्यंत संपायचं नाही. मग त्यांनी एक बिघडलेली चादर पसरली. मुक्काम असेल तिथे कोयरीचा ठप्पा, नाल्याला ठिपके, गोड्या विहिरीला फूल. घट्टिया, महिदपूर, झारडा, माकडोन, तराना, आणि फिरून उज्जैन. दोन कोयऱ्यांच्या मध्ये वेलाची पट्टी. रंग वाळेपर्यंत मी तिथेच बसून राहिलो. असा नकाशा सरकारच्या बापाकडे नव्हता.

रविवारी दिवाणखान्यात दोन्ही बेत मांडले. जावईबापूंचा कागदावर टाइप केलेला: पक्की सडक, इंदूर, मांडू, डाकबंगल्यात एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी. मग मी चादर उलगडली.

बाईसाहेब म्हणाल्या, "अगंबाई, ही तर पलंगावर घालावी!"

मी एकेक कोयरी दाखवून सांगितली. पहिला मुक्काम घट्टिया, दुसरा महिदपूर. जावईबापू वाकून पाहत होते. त्यांनी चष्मा काढला.

"उस्ताद, घट्टिया इथून किती?"

"सहा-सात कोस."

"म्हणजे मोटारीला?"

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. चाचांनी मुक्काम सांगितले होते ते बैलांच्या चालीने. माल भरलेली गाडी दिवसभरात जेवढं जाते तेवढ्यावर एक कोयरी. आणि मी, वीस वर्षांचा ड्रायव्हर, ते जसंच्या तसं उचलून आणलं होतं!

"पाऊण तास," जावईबापूच म्हणाले. "सकाळी आठला निघालात की पावणेनऊला मुक्काम! मग दिवसभर काय करणार? बैलांना चारा घालणार?" आणि ते खो खो हसले. मुलगीही पदर तोंडाला लावून हसली.

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. चुकलो म्हणायला एक शब्द पुरला असता. तो माझ्या तोंडून आयुष्यात निघालेला नाही, तेव्हाही निघाला नाही. मी म्हटलं, "बसायचं."

"काय?"

"दिवसभर बसायचं. गाव पाहायचं. बाईसाहेबांनी सावकाश म्हटलंय. गाव धावत्या गाडीतून दिसत नाही, जावईबापू. धूळ दिसते."

जावईबापू आणखी काही बोलणार होते, पण बाईसाहेबांनी हात वर केला आणि साहेबांकडे वळल्या. "तुम्ही तिथे रोज किती चालवायचात हो?"

साहेबांनी विचार केला. "पाच मैल. कधी सात. एका गावात पाव घ्यायचा, पुढच्या गावात चीज, की झालाच मुक्काम. म्हातारे लोक अंगणात खुर्च्या काढून द्यायचे."

"मग उस्ताद दुसरं काय सांगताहेत?"

साहेबांनी चादरीवरच्या महिदपूरच्या कोयरीवर बोट ठेवलं. तिथे क्षिप्रेचं फार सुंदर पात्र आहे म्हणतात, असं ते पुटपुटले. जावईबापू माणूस वाईट नव्हते. त्यांनी आपला कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "माकडोनच्या अलीकडे उतार खचलाय, उस्ताद. वरच्या अंगाने काढा." मी मान हलवली. ते मला ठाऊक नव्हतं, पण त्यांना तसं दिसू दिलं नाही.

"आणि चालवणार कोण?" मुलीने विचारलं.

"ज्याला बसून राहता येतं तो," बाईसाहेब म्हणाल्या.

माघात निघालो. घट्टियाला पोचलो तेव्हा डब्यातला चहा अजून गरम होता. एका पाटलाने निंबाखाली खाट टाकली. साहेब पेपर वाचता वाचता झोपले. बाईसाहेब बायकांबरोबर विहिरीवर गेल्या त्या दुपारी परतल्या, पदरात ओले हरभरे घेऊन. "उस्ताद, घाई नाही ना?" त्यांनी विचारलं. मी बॉनेट उघडून उगाच पुसत होतो. म्हटलं, "मुळीच नाही, बाईसाहेब."

त्या सहा दिवसांत मी दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. बैलगाडी पुढे असली तर तिच्यामागेच राहिलो, हॉर्न दिला नाही. वेगाने तर कुणीही पळवतो. उज्जैनमधल्या एखाद्या ड्रायव्हरने इतकं हळू चालवून दाखवावं.