कालव्यावरचा तवा

लोखंड दिसलं की आबा ते वाजवून बघायचे. उजव्या हाताचं मधलं बोट मुडपायचं, पेरानं टक् टक् करायचं, मान कलती करून डोळे मिटायचे आणि म्हणायचं, “हं.” त्या आवाजातून त्यांना नेमकं काय कळायचं, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. खरं सांगू? त्यांनाही काही कळत नसावं. पण आव असा आणायचे की दुकानदारसुद्धा श्वास रोखून उभा राहायचा.

आबा आमच्या सर्व्हे पार्टीतले सगळ्यांत जुने खलाशी, म्हणजे मोजणीची साखळी धरणारे मदतनीस. नव्वद सालानंतरचे ते दिवस. कालव्याच्या कडेकडेनं मोजणी करत आमची पार्टी कन्हेरीच्या बाजूनं निघाली होती आणि तंबू उचलत, पुढं ठोकत इंदापूरच्या दिशेनं सरकत होती. आबांचं घर बावड्याला. तिकडं बदली मिळावी म्हणून त्यांनी कित्येक वर्षं साहेबांच्या मागं लकडा लावला होता. घरी जाणं व्हायचं ते पगारानंतर, एखाद्या रविवारी. आम्ही म्हणायचो, “आबा, काय झालं बदलीचं?” ते तंबाखू मळत म्हणायचे, “यील की. पळून जातीय व्हय?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाऊस, पगार, एस.टी., सगळ्याला एकच उत्तर.

मी इचलकरंजीचा. वडील मागावर. डिप्लोमा करून मला ही नोकरी लागली तेव्हा आईनं गल्लीभर साखर वाटली होती, कारण आमच्या घरात सरकारी नोकरी कुणीच बघितली नव्हती. पण नोकरी हंगामी होती. कायम व्हायचं तर हजेरी सलग लागायची. मधे खाडा पडला की सगळं पहिल्यापासून, आणि तोवर जागेवर दुसरा कुणी येऊन बसायचा.

अशात मला कावीळ झाली. व्हायचीच होती म्हणा. दोन्ही वेळ हायवेवरच्या ढाब्यावर तर्री ओरपत होतो. बारामतीच्या डॉक्टरांनी माझ्या पापण्या खाली ओढून बघितल्या आणि मलाच झापलं. “हॉटेल बंद, तेल-तिखट बंद. ज्वारीची भाकरी, ताक, साधं वरण. जमत नसेल तर घरी जा आणि आईच्या हातचं खा.”

घरी जाणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. तंबूत येऊन मी ट्रंक भरायला घेतली.

“कुठं निघाला सायेब?” आबा दारात उभे. मी कसला साहेब, ते मला चिडवायला म्हणायचे. मी सांगायला लागलो आणि मधेच रडू फुटलं. आता लपवून काय करायचंय, हुंदके देऊन रडलो.

आबांनी ऐकून घेतलं. “भाकरीपायी नोकरी सोडताय? आवो, मानूस नोकरी भाकरीसाठीच करतो न्हवं? ठेवा ती ट्रंक. भाकरी मी घालतो.”

आबांचं घराणं एकेकाळी मेंढरांमागं फिरणारं. रानात बापय माणसंही भाकरी थापायची, त्यामुळं त्यांचा हात तयार होता. अडलं ते तव्यावर. चूल पेटवायची सोय नव्हती, कारण तंबू उसाला लागून होते, खाली सगळं वाळलेलं पाचट. मळेवाल्यानं हात जोडून सांगितलं होतं, काय वाट्टेल ते करा, पण उघडा जाळ करू नका. म्हणजे राहिला आमचा पंपाचा स्टोव्ह. त्याची ज्योत सुईसारखी एकाच जागी लागायची. बाजारातला पत्र्याचा तवा आणला, तर भाकरीच्या मधोमध कोळसा आणि कडेला कच्चं पीठ!

“जाड पायजे,” आबा म्हणाले, “पन किती जाड, ते बघाय लागंल.”

मग आम्ही दोघं तव्याच्या मागं लागलो. मी अंगात ताकद नसतानाही डिप्लोमा पाजळला. म्हटलं, अॅल्युमिनियममधून उष्णता भराभर पसरते. आबांनी विश्वासानं मोठ्या पातेल्याचं झाकण उलटं घातलं. ते तापून असं वाकडं झालं की भाकरी घसरून माझ्या पायावर आली. आबा पोट धरून हसले. “तुमच्या कालिजात फी परत देत्यात का इचारा.” दुसऱ्या दिवशी त्यांची पाळी. त्यांनी बिडाचा तवा आणला, भाकरी उतरली अगदी झकास, आणि आबांनीच खुशीत येऊन तापल्या तव्यावर गार पाण्याचा तांब्या ओतला. टण्! तव्याची दोन शकलं. ती दोन्ही शकलंसुद्धा त्यांनी वाजवून बघितली.

तोवर माझं पोट वस्तीवरच्या भाकरीवर चाललं होतं. आबा संध्याकाळी खांद्यावरचा टॉवेल सावरत जायचे आणि कुणाच्या तरी दारातून भाकरी घेऊन यायचे. बाया हसतमुखानं द्यायच्या. पण रोज मागायचं म्हणजे आबांना अवघड व्हायचं, आणि कॅम्प हलला की पुन्हा नवं दार.

मग त्यांनी जे केलं ते सर्व्हे पार्टीतलाच माणूस करू जाणे. कालव्यावर आमचा ‘पुढे काम चालू आहे’ असा पत्र्याचा बोर्ड होता. चांगला जाड, जस्ताचा मुलामा दिलेला. आबांनी खांबावरून तो उतरवला, अक्षरं दगडानं घासून काढली आणि स्टोव्हवर चढवला. पत्रा तापला तसा जस्ताचा पांढरा धूर निघायला लागला. तंबूभर धूर, तोंडात गोडसर चव, आणि मला भडाभडा उलटी. आबांनी मला काखेत धरून बाहेर ओढलं. मग माझं कपाळ धरून बसले.

“काविळीचं ऱ्हाऊ द्या, मीच मारत हुतो तुमाला,” म्हणाले. बोर्ड त्यांनी कालव्यात भिरकावला.

चार दिवसांनी उपअभियंता साहेब जीपमधून आले. “आबा, बोर्ड कुठाय?”

“वाऱ्यानं गेला असंल, सायेब.”

“खांब जागेवर आणि बोर्ड तेवढा गेला?”

“वाराच तसा हुता,” आबा गंभीरपणे म्हणाले. मी तंबूत पांघरुणात तोंड खुपसून हसत होतो. कावीळ झाल्यापासून पहिल्यांदा हसलो असेन.

यानंतर आबा सावध झाले. कारखान्याच्या भंगारातली एक जाड प्लेट आली, पण ती तापेपर्यंत टाकीतलं निम्मं रॉकेल संपलं, आणि रॉकेल रेशनचं. मीही आता डिप्लोमा बाजूला ठेवून एकच विचारायचो, आबा, ह्याच्यावर कसला मुलामा तर नाही ना? रंग दिसला की आम्ही दोघंही मागं सरकायचो.

शेवटी इंदापूरला, हायवेवरच्या ट्रॅक्टर गॅरेजमागं आम्हाला नांगराची डिस्क सापडली. झिजून लहान झालेली, मधे जराशी खोलगट. आबांनी वाजवली. आवाज बराच वेळ घुमत राहिला. “हं,” ते म्हणाले, आणि या खेपेला मलाही ते ‘हं’ पटलं.

“आबा, पण मधे भोक आहे.”

“दिसतंय की. मानसाच्या बी प्वाटाला बेंबी असती. बुजवू.” मग डिस्कवर तळवा फिरवत म्हणाले, “बघा, ही किती वर्सं मातीत घासलीया. मातीनं रंगबिंग समदा खाऊन टाकला. आता हितं निस्तं लोखंड हाय.”

वेल्डरनं मागून तुकडा लावून भोक बुजवलं, कड घासून दिली. वजन स्टोव्हला पेलणारं नव्हतं म्हणून आबांनी भोवती विटा मांडून तवा त्यांच्यावर टेकवला. आधी रिकामाच तापवून, घासून, तेलाचा बोळा फिरवून दिवसभर त्याची सेवा केली. मग पीठ मळलं. बोटांनी पाणी शिंपडलं, थेंब तव्यावर नाचले. भाकरी पडली, वरून पाण्याचा हात फिरला, उलटली, आणि बघता बघता टम्म फुगली. कडेपासून कडेपर्यंत सारखी. आबा मोठ्यानं ओरडले, “आरं वा रं पठ्ठ्या!” भाकरीला म्हणाले की तव्याला, देव जाणे.

ताकात कुस्करून मी ती खाल्ली. आबा समोर बसून होते. थोड्या वेळानं विचारलं, “ऱ्हायली का पोटात?” परत जरा वेळानं, “ऱ्हायली न्हवं?” राहिली होती.

पुढं कॅम्प हलला की पहिल्यांदा तवा जीपमध्ये चढायचा, मग मोजणीची दुर्बीण. आबा दोन्ही वेळ भाकरी घालायचे आणि मला शिकवायचेही. माझी वेडीवाकडी भाकरी बघून म्हणायचे, “ह्यो कंचा तालुका काढला?” हळूहळू डोळ्यांचा पिवळेपणा गेला. कॅम्प सोडला नाही म्हणून हजेरीत एकही खाडा पडला नाही. आणि एक दिवस साहेबांनी जीपमधून उतरताच सांगितलं, “अभिनंदन. कायम झालास.” मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी अडवलं.

“माझ्या नको, आबांच्या पड. तुझ्या आजारपणात त्यांची बावड्याची बदली आली होती. मी म्हटलं, आबा, सुटलास एकदाचा. तर म्हणे, मला न्हाय जायचं, पोरगं आजारी हाय. मग ती जागा दुसऱ्याला गेली.”

मी धावतच आबांकडे गेलो. ते कालव्यावर पाय धूत बसले होते.

“आबा, का नाही गेलात?”

“सायेबाच्या तोंडात तीळ भिजत न्हाय,” ते करवादले. मग पाण्याकडं बघत म्हणाले, “तुमची भाकरी अजून गोल हुईत न्हवती. कसं जानार? बदली काय, परत यील. पळून जातीय व्हय?”

पण ती गेली ती गेलीच. आबा निवृत्त होईपर्यंत तंबूतच राहिले. बावड्याला घरी राहायला मिळालं ते निवृत्तीनंतरचं थोडंसं.

ते गेल्याचं मला उशिरा कळलं. माझी बदली तेव्हा लांब झाली होती. मी बावड्याला गेलो, घर विचारत विचारत पोचलो. आबांच्या पत्नी ओट्यावर धान्य निवडत होत्या. मी नाव सांगितलं, त्यांना काही ओळख पटेना. म्हटलं, कालव्यावर आबांबरोबर होतो, आजारी पडलो होतो.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. “तुमीच व्हय ते काविळीचं पोरगं?”

“हो.”

“लई शिव्या घातल्या म्या तुमाला. तोंड बघितलं न्हवतं, तरीबी. हाताशी आल्याली बदली सोडली म्हनून त्यांच्याशी किती दिस बोलले न्हाय मी. ते आपलं हसायचं. म्हनायचं, आगं, पोरगं जेवाय लागलंय.”

मला मान वर करता येईना. त्यांची ती सगळी वर्षं माझ्या ताटात आली होती.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग विचारलं, “आता बरं हाय का प्वाट?”

“बरं आहे मावशी. अगदी बरं आहे.”

“मंग झालं तर,” म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. “हात-पाय धुवा. जेवल्याबिगर जायचं न्हाय.”

आत त्यांनी सवयीनं दोन पाट मांडले. थबकल्या, एक उचलून भिंतीला लावला. मी जेवायला बसलो. त्या समोर बसल्या होत्या आणि माझ्या ताटाकडं बघत होत्या, म्हणून मी सगळं जेवलो.